अधिवृक्क ग्रंथींचे विकार आणि इन्सुलिनचे कार्य

मधुमेह हा स्वादुपिंडाचा रोग आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन कमी पडले किंवा शरीराच्या पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, म्हणजे रक्तातील साखर वाढते. परंतु रक्तातील साखरेचे प्रमाण एकटे इन्सुलिन ठरवीत नाही. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींचाही त्यात मोठा वाटा असतो. यांना अधिवृक्क ग्रंथी असे म्हणतात. त्यांचा स्राव प्रमाणाबाहेर वाढला, तर निरोगी माणसालाही मधुमेह जडू शकतो. तो स्राव आटला, तर मधुमेही रुग्णाला नेहमीचीच इन्सुलिनची मात्रा घातक ठरू शकते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. यांपैकी अधिवृक्क ग्रंथींच्या विकारामुळे मधुमेह झालेले रुग्ण थोडेच असतात. तथापि ते ओळखले गेले, तर मूळ कारण दूर करून त्यांची साखर पुष्कळदा आटोक्यात आणता येते. ते ओळखले गेले नाहीत, तर औषधे वाढत जातात आणि रोग मात्र हटत नाही. म्हणून या विषयाची तोंडओळख वैद्यांइतकीच सामान्य नागरिकांनाही असणे इष्ट आहे.

दोन ग्रंथी, अनेक संप्रेरके

प्रत्येक अधिवृक्क ग्रंथीचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम असते. तिचे दोन भाग पडतात. बाहेरच्या भागात मुख्यतः कॉर्टिसॉल व आल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार होतात. आतल्या गाभ्यात ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन ही संप्रेरके तयार होतात. आल्डोस्टेरॉन शरीरातील मीठ व पाणी राखून ठेवते. ॲड्रिनलिन अचानक आलेल्या संकटाच्या वेळी हृदयाची गती व रक्तदाब वाढविते. कॉर्टिसॉलचे काम अधिक व्यापक आहे. उपवास, आजार, जखम, शस्त्रक्रिया अशा प्रत्येक ताणाच्या प्रसंगी शरीराला इंधन पुरविणे हे त्याचे प्रमुख कर्तव्य होय.

कॉर्टिसॉलचा स्राव दिवसभर सारखा नसतो. पहाटेपासून तो वाढू लागतो, सकाळी सर्वांत जास्त असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी कमी होतो. या स्रावावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचे नियंत्रण असते. रक्तातील कॉर्टिसॉल वाढले की पोष ग्रंथी आपला हुकूम आवरता घेते आणि ते कमी झाले की पुन्हा हुकूम सोडते.

इन्सुलिन आणि कॉर्टिसॉल यांचा समतोल

जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंच्या व चरबीच्या पेशींत पोचविणे आणि यकृतात साठविणे हे इन्सुलिनचे काम आहे. कॉर्टिसॉलचे काम याच्या उलट दिशेचे आहे. घरात एकाने धान्य कणगीत भरावे आणि दुसऱ्याने गरजेप्रमाणे ते बाहेर काढावे, तसा हा व्यवहार असतो. दोघेही आपापल्या वेळी व प्रमाणात काम करीत असतील, तर घर सुरळीत चालते. काढणाऱ्याचा हात सैल सुटला, तर भरणाऱ्याने कितीही कष्ट केले तरी ते पुरे पडत नाहीत.

कॉर्टिसॉल हे कार्य चार मार्गांनी करते. पहिला मार्ग यकृताचा. कॉर्टिसॉलच्या प्रभावाखाली यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडू लागते. दुसरा मार्ग स्नायूंचा. साखर पेशीच्या आत घेणारी वाहक प्रथिने इन्सुलिनच्या आज्ञेने पेशीच्या पृष्ठभागावर येत असतात. कॉर्टिसॉल जास्त झाले की ही आज्ञा नीट पाळली जात नाही. त्याबरोबरच स्नायूंमधील प्रथिने झिजतात व त्यांचे घटक यकृताला साखर बनविण्यासाठी कच्चा माल म्हणून मिळतात. तिसरा मार्ग चरबीचा. चरबी विरघळून मेदाम्ले रक्तात येतात आणि ती इन्सुलिनच्या कार्यात आणखी अडथळा आणतात. चौथा मार्ग खुद्द स्वादुपिंडाचा. तेथील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी कॉर्टिसॉलमुळे मंदावतात. अशा रीतीने इन्सुलिनची गरज वाढते आणि त्याच वेळी पुरवठा कमी होतो.

हा संबंध कसा उलगडला

लंडनच्या गाय रुग्णालयातील वैद्य टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली अधिवृक्क ग्रंथी नष्ट झालेल्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. अशक्तपणा, काळवंडणारी त्वचा आणि अखेर मृत्यू असा त्या रोगाचा क्रम होता. त्यांतील अनेकांच्या ग्रंथी क्षयरोगाने नष्ट झाल्याचे शवविच्छेदनात दिसले. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि पुढील वर्षी मधुमेही रुग्णांवर त्याचा यशस्वी उपयोग झाला. तेव्हा मधुमेहाचे कोडे सुटले असे अनेकांना वाटले.

परंतु अर्जेंटिनातील शास्त्रज्ञ बर्नार्दो हूसाय यांच्या प्रयोगांत वेगळेच दिसून आले. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याची पोष ग्रंथीही काढली, तर त्याचा मधुमेह सौम्य होतो असे त्यांनी दाखविले. या कार्याबद्दल त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत लाँग व ल्यूकेन्स यांनी १९३६ साली मांजरांवर प्रयोग करून, अधिवृक्क ग्रंथी काढल्यासही तसाच परिणाम होतो असे सिद्ध केले. साखर वाढण्यासाठी इन्सुलिनचा अभाव जितका कारणीभूत असतो, तितकाच त्याला विरोध करणाऱ्या संप्रेरकांचा जोरही कारणीभूत असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

स्राव वाढतो तेव्हा

अमेरिकेतील शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली पोष ग्रंथीतील लहान गाठीमुळे होणाऱ्या एका विकाराचे सविस्तर वर्णन केले. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या विकारात कॉर्टिसॉलचा स्राव सतत वाढलेला असतो. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटते आणि हातपाय मात्र बारीक राहतात. पोटावर व मांड्यांवर रुंद जांभळट वळ उठतात. किरकोळ धक्क्यानेही कातडीखाली रक्त साकळते. मांड्यांचे स्नायू इतके दुबळे होतात की उकिडवे बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नाही. याच्या जोडीला रक्तदाब व साखर वाढते. पोष ग्रंथीतील किंवा अधिवृक्क ग्रंथीतील गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर बऱ्याच रुग्णांची साखर उतरते.

अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात होणारी गाठ निराळ्या प्रकारची असते. तीतून ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन यांचे लोंढे मधूनमधून रक्तात येतात. त्या वेळी रुग्णाला तीव्र डोकेदुखी, दरदरून घाम आणि छातीत धडधड हे तीन त्रास एकदम होतात व रक्तदाब एकाएकी चढतो. ही संप्रेरके यकृतातील साठविलेली साखर मोकळी करतात आणि स्वादुपिंडातील इन्सुलिनचा स्राव रोखतात. म्हणून अशा रुग्णाची साखरही वाढते. गाठ काढल्यावर रोखलेले इन्सुलिन एकदम मोकळे होऊन साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. यासाठी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या साखरेवर बारीक लक्ष ठेवावे लागते.

आल्डोस्टेरॉन वाढण्याचा विकार जेरोम कॉन यांनी १९५५ साली प्रथम वर्णिला. त्यात रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम कमी होऊ शकते. पोटॅशियम कमी झाल्यास स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडण्याची क्रिया मंदावते व साखर काही प्रमाणात वाढते.

औषधातून येणारा विकार

वर सांगितलेल्या गाठी विरळाच आढळतात. त्यांहून कितीतरी अधिक प्रमाणात दिसणारा विकार औषधांतून उद्भवतो. १९४८ साली फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण चालू लागला. १९५० साली हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही औषधे त्याच कुळातील आहेत. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही विकार, तीव्र ॲलर्जी यांमध्ये ती जीवदान देतात. परंतु ती शरीरात कॉर्टिसॉलसारखेच काम करतात. त्यामुळे इन्सुलिनच्या कार्यात कॉर्टिसॉल जे अडथळे आणते, ते सर्व याही औषधांमुळे येतात.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. प्रेडनिसोलोनची गोळी सकाळी घेतली, तर साखर मुख्यतः दुपारी व संध्याकाळी, जेवणानंतर वाढते. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी केलेल्या तपासणीत ती पुष्कळदा जवळजवळ योग्य आढळते. केवळ उपाशीपोटीच्या तपासणीवर विसंबल्यास हा मधुमेह नजरेतून निसटतो. ही औषधे चालू असताना दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासणे म्हणूनच आवश्यक आहे.

कोविडच्या साथीत या गोष्टीचे गांभीर्य साऱ्या देशाला कळून चुकले. प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचू शकतात, हे २०२० साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. तरीही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनेकांनी सौम्य आजारातही, तर काहींनी गरजेपेक्षा जास्त दिवस ही औषधे घेतली. साखर अनावर झालेल्या रुग्णांमध्ये म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेली ‘काळी बुरशी’, पसरली. महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत तिचे रुग्ण फार मोठ्या संख्येने आढळले. मध्य प्रदेशातील शहरांनाही तिची झळ पोचली. कित्येकांचे डोळे व जबडे काढावे लागले आणि अनेक दगावले. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने हा रोग साथरोग अधिनियमाखाली अधिसूचित करण्याची सूचना राज्यांना केली.

स्राव आटतो तेव्हा

कॉर्टिसॉल कमी पडले की चित्र पालटते. यकृत पुरेशी नवी साखर तयार करीत नाही आणि स्नायू इन्सुलिनला अधिक तत्परतेने दाद देतात. निरोगी माणूस उपवास सहज सोसतो, पण अशा रुग्णाची साखर थोड्याशा उपाशी राहण्यानेही खाली जाते. त्याला भूक लागत नाही, वजन घटते, मळमळ व उलट्या होतात. उभे राहताच घेरी येते आणि मीठ खाण्याची इच्छा अनावर होते. कातडी काळवंडते. सावळ्या वर्णाच्या माणसात हा बदल चटकन कळत नाही. म्हणून तळहाताच्या रेषा, हिरड्या, गालाची आतली बाजू व जुने व्रण पाहावेत. तेथे नव्याने काळेपणा आला असल्यास तो महत्त्वाचा पुरावा ठरतो.

इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णाला हा विकार जडला, तर पहिली खूण वेगळीच असते. वर्षानुवर्षे ठरलेली इन्सुलिनची मात्रा एकाएकी जास्त होऊ लागते. आहार व कष्ट तेवढेच असूनही साखर वारंवार ७० मिलिग्रॅमच्या खाली जाते. मधुमेह बरा होत चालला, या समजुतीने घरातील मंडळी आनंद मानतात. वस्तुतः हा धोक्याचा इशारा असतो. लहान वयात होणाऱ्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडाच्या पेशींवर हल्ला करते. तीच यंत्रणा काही रुग्णांत पुढे अधिवृक्क ग्रंथींवरही उलटते, हे त्याचे एक कारण आहे.

ग्वाल्हेरचा परिसर आणि क्षयरोग

दुसरे कारण क्षयरोगाचे आहे आणि त्या दृष्टीने ग्वाल्हेरचा परिसर विशेष लक्ष देण्याजोगा आहे. दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कर भागात मराठी कुटुंबे दोन शतकांपासून राहत आहेत. या शहरात १९४६ साली गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याच्याशी जोडलेल्या जयारोग्य रुग्णालयात ग्वाल्हेरबरोबरच मुरैना, भिंड, श्योपूर, शिवपुरी, दतिया या जिल्ह्यांतील रुग्ण येतात. शहरी कुटुंबांत मधुमेह वाढता आहे. श्योपूर, शिवपुरी व ग्वाल्हेर जिल्ह्यांतील सहरिया आदिवासींमध्ये क्षयरोगाचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या अनेक पट असल्याचे जबलपूर येथील राष्ट्रीय जनजाती स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या पाहण्यांत आढळले आहे. जेथे हे दोन्ही रोग शेजारी नांदतात, तेथे त्यांचा एकमेकांवर होणारा परिणाम जाणून घेणे अगत्याचे ठरते.

मधुमेहामुळे क्षयरोग होण्याचा धोका दोन ते तीन पट वाढतो. क्षयाचे जंतू फुप्फुसांतून रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचू शकतात. पाश्चात्त्य देशांत आज या ग्रंथी निकामी होण्याचे मुख्य कारण शरीराच्या संरक्षक यंत्रणेतील बिघाड हे आहे. भारतात मात्र क्षयरोग अजूनही महत्त्वाचे कारण आहे. ग्रंथींचा सुमारे नऊ दशांश भाग नष्ट होईपर्यंत लक्षणे स्पष्ट दिसत नाहीत. शिवाय क्षयावरील रिफॅम्पिसिन हे अत्यंत गुणकारी औषध यकृतात कॉर्टिसॉलचा निचरा जलद करते. ग्रंथी आधीच दुबळ्या असतील, तर उपचार सुरू झाल्यानंतर काही दिवसांतच रुग्ण एकदम ढासळू शकतो. अशा वेळी क्षयाचे औषध आपण होऊन सोडणे हा उपाय नव्हे. कॉर्टिसॉलची उणीव शोधून ती भरून काढणे हाच उपाय होय.

ग्वाल्हेरचा उन्हाळा ही आणखी एक अडचण आहे. मे-जून महिन्यांत तेथील तापमान ४५ अंशांच्या वर जाते. अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णाच्या शरीरात मीठ टिकत नाही. घामावाटे ते आणखी कमी झाल्यास रक्तदाब घसरतो आणि ऊन लागले असे समजून खरा रोग दुर्लक्षिला जातो. त्याच उष्णतेने इन्सुलिनही खराब होते. न उघडलेल्या कुप्या शीतकपाटात २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्यात, परंतु बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत. शीतकपाट नसल्यास ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी न लागेल अशा बंद डब्यात कुपी ठेवावी. साखर अकारण चढू लागल्यास प्रथम इन्सुलिन बिघडले नाही ना, हे पाहावे. ती अकारण उतरू लागल्यास अधिवृक्क ग्रंथी व मूत्रपिंडे यांची तपासणी करून घ्यावी.

एकाच रुग्णात दोन्ही विकार

खेड्यापाड्यांत सांधेदुखी, दमा किंवा अशक्तपणा यांवर बिननावाच्या पुड्या व गोळ्या देणारे लोक आढळतात. दोन दिवसांत आराम पडतो व भूक वाढते. गाल वर येतात आणि औषध लागू पडले असे वाटते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. काही महिन्यांत साखर वाढते आणि मधुमेहाचे निदान होते. दरम्यान बाहेरून भरपूर पुरवठा होत असल्यामुळे पोष ग्रंथीचा हुकूम थांबतो व अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त होतात. मग पैसे संपले, पुडी देणारा गाव सोडून गेला किंवा रुग्णानेच कंटाळून औषध टाकले, तर शरीराजवळ स्वतःचे कॉर्टिसॉल उरत नाही. उलट्या, ग्लानी, घसरलेला रक्तदाब व कमी झालेली साखर अशा अवस्थेत त्याला रुग्णालयात आणावे लागते. आदल्या महिन्यापर्यंत वाढलेल्या साखरेसाठी सुरू केलेली औषधे तो घेतच असेल, तर धोका दुणावतो. म्हणूनच तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करू नये. वैद्यकीय देखरेखीखाली त्याची मात्रा क्रमाने उतरवावी आणि त्याबरोबर मधुमेहाच्या औषधांचाही फेरविचार व्हावा.

निदान आणि उपचार

स्राव कमी असल्याची शंका आल्यास सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल मोजतात. निष्कर्ष संदिग्ध असल्यास ग्रंथीला चेतना देणारे इंजेक्शन देऊन ते पुन्हा मोजतात. स्राव जास्त असल्याची शंका आल्यास रात्री अकरा वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी कॉर्टिसॉल पाहतात. निरोगी माणसात ते दबलेले आढळते, विकार असल्यास दबत नाही. रुग्ण स्टेरॉइड घेत असल्यास या चाचण्या फसव्या ठरतात. म्हणून घेतलेले प्रत्येक औषध, मलम व पुडी डॉक्टरांना दाखवावी.

स्राव आटलेल्या रुग्णाला सामान्यतः रोज १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन विभागून देतात. मोठा भाग सकाळी देतात, म्हणजे निसर्गाचा क्रम साधतो. हे औषध सुरू होताच इन्सुलिनची गरज पुन्हा वाढते, ही गोष्ट आधीच ठाऊक असावी. ताप आल्यास हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करावी लागते. उलट्या होऊन गोळी पोटात ठरत नसेल, तर इंजेक्शनसाठी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. आपण कोणते औषध घेतो आणि ते बंद करावयाचे नाही, असे लिहिलेली चिठ्ठी रुग्णाने सदैव खिशात बाळगावी.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

ग्रामस्थांनी बिननावाचे औषध घेऊ नये आणि चिठ्ठीवाचून स्टेरॉइड विकत घेऊ नये. चेहरा गोरा करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही मलमांतही स्टेरॉइड असते. अशा मलमांच्या मुक्त विक्रीवर केंद्र शासनाने २०१८ साली निर्बंध घातले आहेत. औषध दुकानांची तपासणी करताना अधिकाऱ्यांनी या औषधांच्या विक्रीच्या नोंदी अवश्य पाहाव्यात. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासली जाते की नाही, याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रांनी लक्ष द्यावे. उपचार चालू असताना घेरी, उलट्या व काळवंडलेल्या हिरड्या दिसल्यास रुग्णाला जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे.

शिक्षकांचीही येथे मोलाची मदत होऊ शकते. वर्गातील इन्सुलिन घेणारे मूल घामाघूम झाले, थरथरू लागले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर ते शुद्धीवर असल्यास त्याला लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर निजवून दवाखान्यात न्यावे. असे प्रकार वरचेवर होऊ लागले, तर ‘इंजेक्शन जास्त झाले असेल’ एवढ्यावर न थांबता पालकांना ते डॉक्टरांच्या कानी घालण्यास सांगावे. डॉक्टरांकडे जाताना घडलेल्या प्रसंगांच्या तारखा, वेळा व त्या वेळची साखर लिहून नेल्यास निदानाला मोठे साहाय्य होते.